क्रीम पफ : आधी उकड, मग भट्टी

संभाजीनगरात भट्टीचा माल बाहेरूनच आणायची रीत आहे. नान-कलियातला नान असो, खारी असो की टोस्ट, ते घरी करायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. क्रीम पफचं गणित मात्र उलटं आहे. क्रीम भरलं की दोन-तीन तासांत त्याचं कवच मऊ पडायला लागतं. सकाळी भरून काचेच्या कपाटात ठेवलेला पफ संध्याकाळपर्यंत लिबलिबीत होतो. त्यामुळे हा पदार्थ घरीच करावा आणि पाहुणे दारात आल्यावर भरावा.

नेमका कोणता पफ?

बेकरीत ‘पफ’ मागितला की पापुद्र्यांचा, भाजी किंवा उकडलेलं अंडं भरलेला पफ हातात पडतो. त्याच्या पिठात लोण्याच्या किंवा मार्गारिनच्या घड्या असतात. क्रीम पफ होतो तो ‘शू’ नावाच्या फ्रेंच पिठाचा. यात लाटणं नाही, घड्या नाहीत, यीस्ट नाही, बेकिंग पावडरही नाही. पाणी, लोणी, मैदा आणि अंडी, संपलं. हेच पीठ गोल टाकलं की क्रीम पफ, लांबट टाकून वर चॉकलेट लावलं की एक्लेअर (टॉफी नव्हे), छोटे गोळे करून आत आइस्क्रीम घातलं की प्रॉफिटेरोल. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना हे पीठ सुरुवातीच्या वर्षांतच शिकवतात, पण त्यासाठी रौझा बागेतल्या संस्थेत प्रवेश घ्यायची गरज नाही. अर्धं कसब मराठी घरात आधीपासूनच असतं.

उकड काढता येते ना?

मोदकाची उकड काढताना आपण उकळत्या पाण्यात तूप-मीठ घालतो, तांदळाची पिठी ओततो, ढवळतो. शूची सुरुवात अगदी तशीच. पिठातला स्टार्च गरम पाणी पिऊन फुगतो आणि कच्च्या पिठाला कधीच पेललं नसतं इतकं पाणी धरून ठेवतो. हेच पाणी पुढे भट्टीत वाफ होऊन पफ फुगवणार असतं.

बाराएक पफसाठी 125 मिली पाणी, 50 ग्रॅम लोणी, 70 ग्रॅम मैदा, एक चमचा साखर. लोणी पाकिटातलं खारट असेल तर वेगळं मीठ नको. लोण्याचे बारीक तुकडे करून पाण्यात घाला, म्हणजे पाणी उकळेपर्यंत ते वितळलेलं असेल. मोठा तुकडा वितळायची वाट पाहत पाणी उकळत ठेवलं तर तेवढं पाणी उडून जातं आणि माप चुकतं. उकळी फुटली की गॅस बारीक करून चाळलेला मैदा एकदम ओता आणि लाकडी उलथण्याने जोरात घोटा.

गोळा जमला म्हणून लगेच गॅस बंद करू नका. मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतत राहा. साध्या स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तळाला पातळसा पांढरट पापुद्रा धरतो, गोळा कडा सोडतो आणि तुकतुकीत दिसू लागतो. तीच खूण. नॉनस्टिकमध्ये हा पापुद्रा नीट धरत नाही, म्हणून तिथे अंदाज चुकतो.

अंड्यांची संख्या विसरा

गोळा परातीत पसरून कोमट होऊ द्या. अंड्याचा पांढरा 60 अंशांच्या थोडं पुढे गेला की घट्ट व्हायला लागतो. गरम गोळ्यात अंडं घातलं तर पिठात भुर्जी होईल.

पाककृतीत ‘दोन अंडी’ असं लिहिलेलं असतं, पण त्याने फसगत होते. गावरान अंडी पोल्ट्रीच्या अंड्यांपेक्षा बरीच लहान असतात. अंडी फोडून, फेटून वजन करा : साधारण 100 ग्रॅम. तेही एकदम न घालता चार हप्त्यांत घाला. पहिल्या हप्त्याला पीठ फुटतं, निसरडं होतं, बिघडलं असं वाटतं. घोटत राहिलं की पुन्हा एकजीव होतं. शेवटचे दोन-तीन चमचे हात राखून घाला. उलथणं उचलल्यावर पीठ जड पडद्यासारखं खाली ओघळलं आणि टोकाशी त्रिकोणी जीभ लोंबत राहिली, की थांबायचं. मग वाटीत अंडं उरलं तरी चालेल. पीठ घट्ट राहिलं तर पफ कमी फुगतो, सैल झालं तर ट्रेवर पसरून चपटा होतो, आणि सैल पिठात वरून मैदा घालून ते सुधारत नाही.

भट्टीत काय घडतं

बहुतेकांचा पफ इथेच बसतो, म्हणून जरा सविस्तर.

पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा मागते. ओल्या पिठात कोंडलेली ही वाफ भिंती बाहेर ढकलते, मधे पोकळी होते. अंड्यातली प्रथिनं आणि मैद्याचा चिकटपणा यांमुळे भिंती फाटत नाहीत, ताणल्या जातात. मग उष्णतेने त्या घट्ट होतात. पण घट्ट होणं आणि वाळणं यात वेळेचं अंतर आहे. वरून सोनेरी दिसणारा पफ आतून ओला असू शकतो. असा पफ बाहेर काढला की वाफ थंड होते, दाब जातो आणि पफ बसतो.

म्हणून दोन टप्पे. ओटीजी दोन्ही कांड्या लावून 200 अंशांवर किमान पंधरा मिनिटं तापवा. बटर पेपरवर पायपिंग बॅगने किंवा जाड प्लास्टिक पिशवीचा कोपरा कापून चार सेंटिमीटरचे गोळे टाका, मधे भरपूर जागा सोडा, वरची टोकं ओल्या बोटाने दाबा. वीस मिनिटं 200 वर, मग 170 वर आणखी पंधरा ते वीस मिनिटं. पहिल्या पंचवीस मिनिटांत दार उघडायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. भेगांमधलं पीठसुद्धा तपकिरी झालं की प्रत्येक पफच्या बुडाला सुरीच्या टोकाने भोक पाडा आणि ओटीजी बंद करून, दार किंचित उघडं ठेवून, दहा मिनिटं आतच वाळू द्या. लहान ओटीजीत वरची कांडी फार जवळ येते, तेव्हा ट्रे खालच्या खाचेत ठेवा. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हे होणार नाही, कन्व्हेक्शन हवं.

भरायचं काय

सगळ्यात भरवशाचं म्हणजे शिजवलेलं कस्टर्ड : 250 मिली दूध, दोन पिवळे बलक, 50 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, शेवटी चमचाभर लोणी. घट्ट झाल्यावर लगेच उतरवू नका, ढवळत एक मिनिट खळखळू द्या. बलकात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. ते उकळीने मेलं नाही तर रात्री घट्ट दिसलेलं कस्टर्ड सकाळी पातळ झालेलं असतं.

नुसतं क्रीम भरायचं असेल तर पाकीट वाचा. ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळतं त्यात 25 टक्के स्निग्धांश असतो आणि ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. निदान 30, जमल्यास 35 टक्क्यांचं व्हिपिंग क्रीम लागतं. बेकरी सामानाच्या दुकानातलं वनस्पती तेलाचं टॉपिंग उन्हाळ्यात छान टिकतं, पण जिभेवर मेणासारखं बसतं. मला ते आवडत नाही.

व्हॅनिलाचीच सक्ती कशाला? उन्हाळ्यात गार कस्टर्डमध्ये मराठवाड्याच्या केशर आंब्याचा आटवलेला रस मिसळा. दिवाळीच्या सुमारास बीडच्या बालाघाट डोंगरातलं सीताफळ येतं. केशर आणि बीडचं सीताफळ, दोघांनाही 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सीताफळाचा गर मात्र शिजवायचा नाही, तापवला की कडवट होतो. गार क्रीममध्ये तसाच घाला.

आपली हवा

मराठवाड्याची कोरडी हवा कवचाला मानवते आणि क्रीमला मानवत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा भांडं, फेटणी आणि क्रीम फ्रीजमध्ये गार करून भल्या पहाटे फेटा. भरलेले पफ अशा उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. दूध-अंड्याचं सारण लवकर नासतं. पावसाळ्यात उलट त्रास. रिकामी कवचंही डब्यात नरम पडतात, ती 160 अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवली की पुन्हा कुरकुरीत होतात. हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये रिकामी कवचं महिनाभर राहतात.

अंडं चालत नसेल तर?

बिनअंड्याच्या शूच्या युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात. दही, सोडा, बेकिंग पावडर घातलेला गोळा थोडाफार फुगतो, पण भिंती ताणून धरणारं अंडंच नसल्याने हवी ती पोकळी होत नाही. तयार होतो तो मऊ बन. ज्या घरात अंडं येत नाही तिथे हेच सीताफळाचं क्रीम वाटीत घालून वर खारीचा चुरा भुरभुरवा. ते नकली पफपेक्षा शंभर पटींनी चांगलं लागतं.