काका, जरा मागे सरका

शनिवारवाड्याच्या भुताची गोष्ट पुण्यात कुणीही सांगेल. पौर्णिमेची रात्र, सामसूम वाडा आणि आतून येणारी ‘काका, मला वाचवा’ ही किंकाळी. प्रत्यक्षात नारायणराव पेशव्यांचा खून भर दुपारी झाला. तारीख ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, पेशवे जेवून आडवे झालेले. दुपारच्या खुनाचं भूत रात्रपाळीला कसं गेलं, हे कोडं डोक्यात घेऊनच मी पेठांतल्या ‘घोस्ट वॉक’ला नाव नोंदवलं.

आम्हा बिबवेवाडीकरांना भुतांसाठी गावात जावं लागतं. आमच्या सोसायट्या फार तर चाळीस-पन्नास वर्षांच्या. एवढ्यात कुठलं भूत मुरणार? स्वारगेटहून पुढे गेलं की मात्र मामला बदलतो. आजच्या गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. सगळ्या भुतांचा राजा असलेल्या वेताळाच्या नावानं अख्खी पेठ वसवणारं हे शहर आहे. आता त्याच जुन्या वस्तीच्या पोटातून स्वारगेट, मंडई, कसबा पेठ अशी भुयारी मेट्रो धावते, आणि डब्यातली मंडळी मोबाइलमधून मान वर काढत नाहीत.

फेरी ठरावीक पद्धतीची असते. वाडा रात्री बंद असतो, त्यामुळे सगळा खेळ तटाबाहेरचा. दिल्ली दरवाजासमोर जमायचं, मग भिंतीच्या कडेकडेनं नारायण दरवाजापर्यंत. याच दरवाजातून नारायणरावांचा देह बाहेर नेला, अशी परंपरा आहे. आमचा वाटाड्या पंचविशीतला, आवाज खर्जातला, हातात विजेरी. किंकाळीच्या ऐन क्षणी वाहनं येत होती म्हणून त्यानं पुढे आलेल्या एका गृहस्थांना सांगितलं, “काका, जरा मागे सरका.” सगळा घोळका हसला आणि भीतीचं मातेरं झालं. मला तोच क्षण सर्वांत अस्सल वाटला.

त्याची गोष्ट वाईट नव्हती, पण फार लवकर किंकाळीवर पोहोचत होती. ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या इतिहासात या दिवसाची जी हकीकत दिली आहे, ती कुठल्याही भूतकथेपेक्षा अंगावर येते. वाड्यावरचे गारदी शिपाई थकलेल्या पगारासाठी कुरकुरत होते. काहीतरी शिजतंय याची कुणकुण लागून नारायणरावांनी सकाळीच हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताला सांगितलं. हरिपंत एका स्नेह्याकडे जेवायला गेले आणि बंदोबस्त राहून गेला. दुपारी सुमेरसिंग गारदी आपली माणसं घेऊन वाड्यात शिरला. अठरा वर्षांचा पेशवा वाड्यातच नजरकैदेत असलेल्या काकांकडे, रघुनाथरावांकडे धावला आणि त्यांना मिठी मारली. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्यावर आडवा पडला. दोघंही मारले गेले. घोस्ट वॉकमध्ये टिळेकराचं नाव आलं नाही. भूत व्हायलासुद्धा हुद्दा लागतो की काय!

‘ध’चा ‘मा’ मात्र आला, थाटात आला. रघुनाथरावांनी ‘धरावे’ लिहिलं होतं, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, ही समजूत ग्रँट डफच्या काळातही लोकांत पक्की होती. वाटाड्यानं तिथे आवाज चढवला आणि तो थेट चेटकिणीच्या सुरात गेला. त्याऐवजी त्यानं रामशास्त्री प्रभुणे दोन मिनिटं जास्त सांगितले असते तर बरं झालं असतं. न्यायाधीशानं चौकशी केली, गादीवर बसलेल्या रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून तो वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिला. किंकाळी घराघरांत पोहोचली त्यात रंगभूमीचा आणि सिनेमाचा वाटा मोठा आहे. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ १९०९ सालचं, प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४चा.

आणखी एक अडचण. १८२८च्या आगीत वाड्याच्या लाकडी इमारती जळून गेल्या. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. खून झाला ते दालनच शिल्लक नाही. आवाज यायचा तर हिरवळीतून यायचा. पण मोकळ्या जागेची भीती पिकत नाही, म्हणून फेऱ्या अजूनही उभ्या तटालाच चिकटून चालतात.

हा धंदा काही पुण्यानं शोधला नाही. इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये १९७३पासून रात्रीच्या भूतफेऱ्या चालू आहेत. नारायणरावांच्या खुनाला नेमकी दोनशे वर्षं झाली तेव्हापासून. एडिंबरात जुन्या पुलाखालच्या तळघरांतून माणसं हौसेनं घाबरून येतात. दिल्लीच्या पर्यटन खात्यानं २०२३मध्ये मालचा महालात अशी फेरी सुरू केली. तिकडच्या भुतांचं नाव-गाव अनेकदा सांगणाऱ्याच्या मर्जीवर असतं. पुण्याच्या भुताची जन्मतारीख, मृत्यूची तारीख, मारेकऱ्यांची नावं, सगळं उपलब्ध आहे. म्हणून तर इथे गोष्ट सैल सोडलेली मला चालत नाही.

या भुताला खरोखर घाबरलेला एक माणूस इतिहासात आहे, आणि फेरीत त्याचाच पत्ता नव्हता: दुसरा बाजीराव. रघुनाथराव आणि आनंदीबाईंचा हा मुलगा जन्मला १७७५ साली, खुनानंतर सुमारे दीड वर्षानं. ज्याला कधी पाहिलंही नाही त्या चुलतभावाचं भूत त्याला आयुष्यभर छळत राहिलं, असं सांगितलं जातं. पंढरपूरच्या ब्राह्मणांकडून विधी झाले, दानधर्म झाला, देवस्थानांना देणग्या गेल्या. आणि त्यानं पुण्याच्या आसपास आंब्याची हजारो झाडं लावली. बापाचं पाप मुलानं आमराया लावून फेडायचं, यातली व्याकुळता मला त्या किंकाळीपेक्षा जास्त ऐकू येते. बाजीरावाचं राज्य गेल्यावर ही झाडं तोडली गेली, तेव्हा शाहीर प्रभाकरानं त्याबद्दल हळहळ व्यक्त केली होती.

वाटाड्याला मी हे शेवटी सांगितलं. त्यानं मोबाइलवर टिपून घेतलं आणि विचारलं, “पण तिथे दाखवणार काय?” प्रश्न रास्त आहे, तोडलेल्या झाडापाशी विजेरी कशावर मारणार? तरी त्या आमराया कुठे कुठे होत्या याचा नकाशा कुणी मांडला, तर ती फेरी दिवसाउजेडीही चालेल. बिबवेवाडीच्या वाटेला एखादी निघाली तर मी चहाची सोय करीन.