मेंदूतील काही पेशीच आधी का झिजतात?

एकाच हंगामाची ज्वारी एकाच थप्पीत रचली, तरी कीड सर्व पोत्यांस सारखी लागत नाही. जमिनीलगतची, ओल धरलेली पोती ती प्रथम गाठते, हे आम्हां धान्यव्यापाऱ्यांस ठाऊक आहे. मेंदूच्या झिजेच्या रोगांचेही असेच आहे. त्यांत विवक्षित पेशी आधी मरतात आणि शेजारच्या पुष्कळ काळ तग धरतात. असे का व्हावे, हे कंपवाताच्या उदाहरणावरून पाहू.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूच्या मध्यभागी काळसर रंगाचा एक लहानसा भाग असतो. तेथील पेशी डोपामाइन नावाचे द्रव्य पुरवितात व त्यायोगे आपल्या हालचाली सुरळीत चालतात. कंपवातात मुख्यत्वे याच पेशी झिजतात.

याचे पहिले कारण त्यांचा अफाट पसारा. एका पेशीच्या तंतूस इतके फाटे फुटतात की, मनुष्याच्या मेंदूत तिची संपर्कस्थाने दहा लाखांहून अधिक असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एकाच मुनिमाने लाखो खाती सांभाळावीत, तसा हा प्रकार होय. दुसरे कारण असे की, या पेशी कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता अहोरात्र स्वतःच्या ठेक्याने चालतात. प्रत्येक ठेक्यास कॅल्शियम आत शिरते व ते बाहेर काढण्यास शक्ती खर्ची पडते. तिसरे, शक्ती निर्माण होताना काही घातक द्रव्येही निपजतात. शिवाय डोपामाइन स्वतःच सहज बिघडणारे आहे. खर्च मोठा आणि शिल्लक थोडी, अशा पेढीस लहानसा धक्काही पुरतो. जवळच्याच दुसऱ्या भागातील पेशीही डोपामाइनच बनवितात. परंतु त्यांच्यावर कॅल्शियमचा भार कमी असल्याने त्या बऱ्याच अंशी बचावतात.

इतर रोगांतही हाच न्याय दिसतो. अल्झायमरच्या रोगात स्मृतीच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या पेशी आरंभीच बळी पडतात; म्हणून विसराळूपणा आधी दिसतो. हातापायांचे स्नायू लुळे पाडणाऱ्या एका रोगात डोळे फिरविणाऱ्या पेशी मात्र बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहतात.

कुटुंबीयांनी यातून एवढे ध्यानी घ्यावे. कंपवातात हालचालींतील दोष स्पष्ट होईपर्यंत त्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो; मात्र काही खुणा आधीच दिसू शकतात. धान्याचा वास न येणे, खतावणीतील अक्षर दिवसेंदिवस बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, असे आढळल्यास तज्ज्ञ डॉक्टरांस दाखवावे. लेव्होडोपा या औषधाने पुष्कळ आराम पडतो, परंतु पेशींची झीज थांबत नाही. आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असल्याचे १९३७ साली सिद्ध झाले. तथापि प्रमाण न जाणता ते चूर्ण परस्पर देणे धोक्याचे आहे.

पेढीवरील वडीलधाऱ्यांचा हात मंदावला म्हणजे त्यास आळस अथवा हट्ट म्हणू नये. ज्या पेशींनी आयुष्यभर अहोरात्र राबून तो हात चालविला, त्याच आता थकल्या आहेत, हे जाणून त्यांस वेळ द्यावा.