तुती : अळीचा पाला, माणसाचा मेवा

रेशीमशेतीत तुती पाल्यासाठी सारखी छाटली जाते, म्हणून फळ फारसं हाती लागत नाही. तेव्हा बांधावर दोन-चार झाडं न छाटता वाढू द्या. १०० ग्रॅम पिकल्या तुतीत सुमारे ३६ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, शिवाय थोडे लोहही. पोराबाळांना हा मेवा चांगला.

पानांतील डीएनजे हा घटक पिठूळ अन्नाची साखर होण्याची क्रिया मंदावतो. त्यामुळे जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही. जपानात तुतीच्या पानांचा चहा पितात.

पण मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नका. गोळी आणि चहा मिळून साखर फार उतरूही शकते. आधी डॉक्टरांना विचारा. आणि फवारलेला पाला घरात आणूच नका.