हिवाळ्यात निघायचं, आषाढात पोहोचायचं

नोव्हेंबर १७०५ च्या अखेरीस, डेन्मार्कात दिवस जेमतेम सात-आठ तासांचा उरलेला असताना, ‘सोफिया हेडविग’ नावाचं जहाज कोपनहेगनहून निघालं. त्यावर बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युत्शाव हे दोन तरुण जर्मन पाद्री होते. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्यांना ज्या गावी धाडलं ते तरंगंबाडी तंजावरच्या राज्यात होतं. ९ जुलै १७०६ ला ते तिथे पोहोचले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे थोरले चिरंजीव शहाजीराजे होते.

तंजावर म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच वाट येते: बंगळूरहून खाली उतरलेले व्यंकोजी, मग सरफोजी, मग सरस्वती महाल ग्रंथालय. ती खरीच आहे. पण त्या सरस्वती महालाला आणखी एक वाट येऊन मिळते, युरोपातल्या हिवाळ्यातून निघून दोनदा विषुववृत्त ओलांडून कावेरीच्या मुखाशी उतरणारी. ती नीट पाहिल्याशिवाय सरफोजीराजे कळत नाहीत, असं माझं मत आहे.

डेन लोकांना तरंगंबाडीत जागा दिली ती मराठ्यांनी नव्हे. नोव्हेंबर १६२० मध्ये तंजावरचा तेव्हाचा राजा रघुनाथ नायक याने त्यांच्याशी तह केला आणि डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलं पत्र पाठवलं. ते आजही कोपनहेगनमध्ये जपून ठेवलेलं आहे. हा तह करायला ओव्हे ग्येद याचा जो जहाजांचा ताफा आला, तोही १६१८ च्या नोव्हेंबरातच निघाला होता. भारताच्या बाजूला पोहोचायला त्याला दीड वर्ष लागलं आणि वाटेत शेकडो माणसं दगावली. पुढे १६७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतलं तेव्हा किनाऱ्यावरचा हा गोरा भाडेकरू त्यांना राज्याबरोबरच मिळाला.

आता प्रश्न असा की थंडी ऐन भरात येत असताना ही मंडळी निघत का? थंडीला कंटाळून नव्हे. हिंदी महासागरात मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून वारा वाहतो. आफ्रिकेच्या टोकावरून भारताकडे यायचं तर तो पाठीशी हवा. टोकाशी एप्रिल-मेमध्ये पोहोचायचं, तर युरोप नोव्हेंबर ते जानेवारीत सोडावा लागे. उलट बाजूला, ऑक्टोबरच्या मध्यानंतर चोळमंडलाच्या किनाऱ्यावर ईशान्येचा पावसाळा आणि वादळं सुरू होत, तेव्हा तिथे नांगर टाकणं म्हणजे जहाज घालवणं. ऑक्टोबर १७४६ मध्ये मद्रासपुढे उभ्या असलेल्या फ्रेंच आरमाराची एका वादळाने अशीच दाणादाण उडवली होती. म्हणजे जहाजाचं वेळापत्रक वारा ठरवी, व्यापारी कंपन्यांचे संचालक फक्त त्यावर सही करत.

वाटही सरळ नव्हती. आफ्रिकेचा किनारा धरून दक्षिणेला गेलं की वारा तोंडावर येतो, म्हणून जहाजं अटलांटिकमध्ये पार ब्राझीलच्या बाजूपर्यंत झुकत आणि तिथून पश्चिमेचे वारे धरून आफ्रिकेच्या टोकाकडे वळत. या वळशापायी तंजावरच्या इतिहासात रिओ द जानेरो येऊन बसलं आहे. १७११ मध्ये लंडनहून तरंगंबाडीच्या मिशनसाठी छापखाना निघाला. रिओजवळ ते जहाज फ्रेंचांच्या हाती सापडलं. छापखाना सुटला, पण त्याच्याबरोबर निघालेला मुद्रक योनास फिंक पुढच्या प्रवासात आफ्रिकेच्या टोकाजवळ तापाने गेला. यंत्र आलं, चालवणारा आला नाही. तरीही जर्मनीतल्या हाले गावाहून तमिळ खिळे आले आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला.

प्रवाशाच्या अंगाला या सात महिन्यांत ऋतूंचा विचित्र फेरा सोसावा लागे. लोकरीचे कपडे घालून निघालेला माणूस विषुववृत्ताशी उघडा व्हायचा. तिथे वारा पडला की आठवडेच्या आठवडे शीड लोंबतं, डेकवरचं डांबर वितळतं. मग दक्षिण गोलार्धातला शरद, पुन्हा बोचरा गारठा, पुन्हा विषुववृत्त आणि शेवटी तमिळ किनाऱ्याचा उन्हाळा. खायला खारवलेलं मांस आणि किडकं बिस्कुट, प्यायला पिंपातलं हिरवट पाणी. ताजी फळं-भाजी नाही म्हणून हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा उकलायच्या, हा स्कर्व्ही. लिंबू-संत्र्याने तो बरा होतो हे जेम्स लिंड याने १७४७ मध्ये खलाशांवर ताडून पाहिलं, १७५३ मध्ये पुस्तकात मांडलं. इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ उजाडलं. सरकारी फायलींचा वेग तेव्हाही फारसा वेगळा नव्हता.

किनारा दिसला म्हणजे पोहोचलो, असंही नव्हे. या किनाऱ्यावर नैसर्गिक बंदर नाही. उथळ वाळू आणि तीवर फुटणाऱ्या लाटांच्या रांगा, त्यामुळे मोठी जहाजं बाहेरच उभी राहत. तिथून माणसं आणि सामान ‘मसुला’ होड्यांतून काठावर येई. या होडीत लोखंडी खिळा नसतो, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. लाट आदळली की ती लवते, फुटत नाही. युरोपातली खिळ्यांची होडी तिथे तुकडे तुकडे व्हायची. सात महिने ज्यांनी जहाज हाकलं, ते शेवटच्या मैलभरासाठी तमिळ कोळ्यांच्या हवाली होत.

आणि उतरायचं ते आषाढात. आपल्याकडे आषाढ म्हणजे पाऊस. तंजावरला त्या महिन्यात आभाळ बहुतेक कोरडं, ऊन रणरणतं आणि तरीही नद्या दुथडी! कारण कावेरी उगम पावते कोडगूच्या सह्याद्रीत आणि कोकण-महाबळेश्वर भिजवणारा नैर्ऋत्य मोसमी तिथेही कोसळतो. त्याचं पाणी उन्हातल्या तंजावरला येतं. तमिळ ‘आडी’ महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीच्या या पुराची पूजा होते, तो ‘आडिप्पेरुक्कु’. म्हणजे ज्या वाऱ्याने जहाज आणलं, त्याच वाऱ्याने भाताच्या खाचरांत पाणी आणलं. १९३४ मध्ये मेट्टूरचं धरण झाल्यापासून पाणी धरणाच्या दारांतून येतं, सण मात्र तसाच आहे. तंजावरचा स्वतःचा पाऊस येतो आश्विन-कार्तिकात, ऐन दिवाळीच्या तोंडावर.

या वाटेने आलेल्यांत मराठी इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोठा माणूस म्हणजे क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ. जन्म १७२६, प्रशियातल्या सोनेनबुर्गचा. गाव आज पोलंडमध्ये आहे. जानेवारी १७५० मध्ये तो लंडनहून निघाला, जुलैत कडलूरला उतरला आणि महिनाअखेर तरंगंबाडीला पोहोचला. वर्षभरापूर्वी, एप्रिल १७४९ मध्ये, याच कडलूरपुढे वादळात ‘नामूर’ हे इंग्रजांचं मोठं लढाऊ जहाज पाचशेवर माणसांसह बुडालं होतं. इंग्रजांची ती मोहीम होती तंजावरच्या प्रतापसिंहराजांविरुद्ध, देवीकोट्टै घेण्यासाठी.

श्वार्ट्झच्या प्रवासाच्या तारखा लावताना एक गंमत होते. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग वापरत आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदले. डेन लोकांनी १७०० मध्येच नवं पंचांग घेतलेलं. त्यामुळे आपण ज्याला जानेवारी १७५० म्हणतो तो लंडनच्या कागदांत १७४९ होता आणि इंग्रजांच्या कडलूरच्या आणि डेन लोकांच्या तरंगंबाडीच्या दफ्तरांत एकाच दिवसाच्या तारखांत अकरा दिवसांचं अंतर होतं.

श्वार्ट्झ परत गेला नाही. अठ्ठेचाळीस वर्षं इथेच राहिला. तमिळ त्याने हालेतच शिकायला घेतली होती. इथे फारसी, हिंदुस्तानी आणि दरबारासाठी मराठीही शिकला. १७७९ मध्ये इंग्रजांच्या मद्रास सरकारने त्याला हैदर अलीकडे बोलणी करायला श्रीरंगपट्टणला पाठवलं. १७८७ मध्ये तंजावरच्या तुळजाराजांनी मरणापूर्वी सरफोजींना दत्तक घेतलं. गादी मात्र तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी धरली. तेव्हा या मुलाच्या शिक्षणाची आणि जिवाचीही काळजी श्वार्ट्झने वाहिली. त्याला मद्रासला हलवलं, गेरिके या दुसऱ्या पाद्र्याकडे शिकायला ठेवलं आणि त्याच्या हक्कासाठी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे पाठपुरावा केला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी जूनअखेर सरफोजी गादीवर आले.

पण याची दुसरी बाजू झाकू नये. ज्या कंपनीने गादी दिली तिनेच ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्य काढून घेतलं. राजांकडे किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख उरला. सरफोजींना मिळालेलं नवं ज्ञान आणि गेलेलं राज्य दोन्ही एकाच जहाजातून आली, असं म्हटलं तर चुकणार नाही.

राज्य गेलेल्या राजाने जे केलं ते मात्र स्वतःच्या बुद्धीने. युरोपातून ग्रंथ आणि उपकरणं मागवली, धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग चालवले, १८०५ मध्ये छापखाना घातला. त्यावर १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचं मराठी भाषांतर देवनागरीत निघालं. पुण्या-मुंबईत मराठी छपाई रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

गुरूसाठी त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. खाटेवर पडलेला श्वार्ट्झ, त्याचा हात धरलेले सरफोजी, मागे गेरिके. ते १८०७ च्या सुमारास पुरं झालं आणि त्याच लांबच्या समुद्रवाटेने इकडे आलं. श्वार्ट्झच्या थडग्यावरचा इंग्रजी पद्यलेख राजांनी स्वतः रचलेला आहे.

आज युरोपातून चेन्नईला विमान नऊ-दहा तासांत आणतं. पौष वद्य पंचमीला तंजावरजवळच्या तिरुवैयारूत त्यागराज आराधना हा संगीतोत्सव होतो, त्याला बर्फातून निघालेली मंडळी दुसऱ्या दिवशी हजर असतात. हे सोपं झालं, पण शरीराचं गणित बदललेलं नाही. उष्णतेला सरावायला, घाम लवकर सुटायला आणि घामातलं मीठ कमी व्हायला माणसाला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. शिडाच्या जहाजात हा सराव वाटेतच होई. विमानातून उतरणाऱ्याने पहिले काही दिवस दुपारी बाराला तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळातल्या तापलेल्या दगडी पटांगणात अनवाणी हिंडू नये.

तंजावरला जाल तर देऊळ, राजवाडा आणि सरस्वती महाल पाहालच. किल्ल्यातल्या शिवगंगा बागेजवळचं श्वार्ट्झचं चर्चही पाहा, शिल्प आतच आहे. हाताशी एक दिवस जास्त असेल तर शंभरेक किलोमीटरवर तरंगंबाडी आहे. डेन लोकांचा डॅन्सबोर्ग किल्ला आणि १७१८ चं न्यू जेरुसलेम चर्च तिथे उभं आहे, त्सीगेनबाल्ग तिथेच पुरलेला आहे. आणि दिवाळीच्या सुट्टीतच जाणार असाल तर छत्री घ्या. तिकडचा पावसाळा तेव्हाच असतो.