अर्ध्या मिलिमीटरचा आवाज

चावी फिरवल्यापासून इंजिन धडधडू लागेपर्यंत किती वेळ जातो? फार तर एखाद-दुसरा सेकंद. तेवढ्या वेळाकडे आपलं लक्षही नसतं. लक्ष जातं ते काहीतरी बिघडल्यावरच.

अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या गॅरेजमध्ये १९७० च्या दशकातली शेव्हरोले कॉर्व्हेट उभी आहे असं समजा. लांबलचक नाक, बसकी ठेवण, फायबरग्लासचं अंग आणि पुढे ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. मालक चावी फिरवतो आणि आधी 'किंईंईं' अशी कान किटवणारी किंकाळी उठते, मग इंजिन सुरू होतं. आपल्याकडच्या मिस्त्रीने एवढं ऐकूनच सांगितलं असतं, "सेल्फ ओरडतोय."

'सेल्फ' म्हणजे स्टार्टर मोटर. आणि हा शब्द आपल्या गॅरेजांत शंभर वर्षांपूर्वीच्या एका शोधातून आलाय. तेव्हा गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभं राहून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं, हातही मोडायचा. विजेच्या मोटरने हे काम करावं असं अनेकांना वाटत होतं, पण हिशेब जुळेना. एवढ्या जड इंजिनाला फिरवणारी मोटर एवढी मोठी असायला हवी की ती गाडीत मावणार कुठे?

उत्तर सापडलं ते गल्ल्यावर! चार्ल्स केटरिंग हा ओहायोतल्या डेटन गावचा इंजिनिअर. त्याने आधी एका कंपनीसाठी विजेवर चालणारा कॅश रजिस्टर बनवला होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटर लागते ती क्षणभरच. मग ती दिवसभर चालेल अशी दणकट कशाला हवी? छोट्या मोटरकडून क्षणभर तिच्या ताकदीबाहेरचं काम करून घ्यायचं आणि तापायच्या आत तिला थांबवायचं. हीच युक्ती त्याने १९११ साली कॅडिलॅकच्या गाडीवर वापरली, आणि १९१२ च्या मॉडेलपासून कॅडिलॅक सेल्फ-स्टार्टरसह विकली जाऊ लागली. क्षणभराच्या कामाला दिवसभर राबणारा पहिलवान लावू नये, एवढी साधी गोष्ट. पण ती आधी सुचायला हवी ना!

आता चला, चावी पुन्हा फिरवू आणि तो सेकंद सावकाश पाहू.

इंजिनाच्या मागच्या टोकाला एक मोठं चक्र असतं, फ्लायव्हील. त्याच्या कडेला पोलादी दात्यांची रिंग. ही रिंग तापवून फुगवतात, चक्रावर चढवतात आणि थंड होताना ती आवळून बसते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तशीच! आपल्या कॉर्व्हेटच्या इंजिनावर दोन मापांच्या रिंगा येतात. लहान रिंगेला १५३ दाते, मोठीला १६८. सेल्फच्या टोकावरच्या पिनियनला मात्र फक्त ९. म्हणजे लहान रिंग धरली तर पिनियनने १७ फेऱ्या घ्याव्यात तेव्हा इंजिनाची एक फेरी होते. छोटा पोर मोठ्ठा रहाट ओढतोय, पण सतरा हप्त्यांत. म्हणून त्याला जमतं.

चावी फिरली की आधी सोलेनॉइड जागा होतो. ही तारेची गुंडाळी आहे, वीज मिळताच चुंबक होणारी. आत एक लोखंडी दांडा खेचला जातो. हा एकच दांडा दोन कामं करतो. एका टोकाने तो चिमट्यासारख्या दांडीमार्फत पिनियनला पुढे ढकलून रिंगेच्या दात्यांत बसवतो. दुसऱ्या टोकाने तो तांब्याचे जाड संपर्क जोडतो आणि मग मोटरला वीज मिळते. आधी दाते बसायचे, मग फिरायचं. क्रम उलटा झाला तर दातेच भुगा होतील. आणि दात्यावर दाता आपटला तर? त्यासाठी स्प्रिंग ठेवलीय. ती दबून थांबते, मोटर किंचित फिरते आणि दाते 'खट्' करून आत सरकतात.

सोलेनॉइडमध्ये गुंडाळ्या दोन असतात. एक जोरात ओढायला, एक नुसतं धरून ठेवायला. दांडा ओढायला ताकद जास्त लागते, धरायला कमी. मुख्य संपर्क जुळला की ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो, आणि दोन्हीकडे सारखं असेल तर वीज वाहणार कुठे? ती गुंडाळी आपोआप गप्प बसते. कोणी बंद करायला नको, कुठलं सर्किट नको. तारांच्या जोडणीतच शहाणपण पेरून ठेवलंय.

आता मोटर. मोठं आठ सिलिंडरचं इंजिन फिरवताना ती दोनशेच्या आसपास अँपिअर करंट ओढते. घरातला गीझरचा प्लग सोळा अँपिअरचा असतो, त्याच्या बारापट! म्हणून बॅटरीपासून येणारी केबल बोटाएवढी जाड. पण एवढा करंट ओढणारी मोटर का निवडली? कारण या जातीच्या मोटरचा सगळ्यात जास्त जोर ती थांबलेली असते तेव्हाच असतो. मुंबईच्या जुन्या डीसी लोकल याच जातीच्या मोटरांवर चालायच्या. खच्चून भरलेला डबा जागचा हलवायचा असो की थंड पडलेलं इंजिन, अवघड पहिला हिसकाच असतो.

आणि मग इंजिन पेट घेतं. आता थोडा विचार करा. क्षणापूर्वी मोटर इंजिनाला फिरवत होती, आता इंजिन स्वतः मिनिटाला हजार फेऱ्या घेऊ लागलं. दाते अजून अडकलेलेच आहेत. म्हणजे इंजिन पिनियनला किती वेगाने फिरवेल? एक हजार गुणिले सतरा, मिनिटाला सतरा हजार फेऱ्या. मोटरचा गाभा या वेगाने फिरला तर तांब्याच्या तारा बाहेर फेकल्या जातील. मग तो रोज सकाळी का फुटत नाही? पिनियनमागे एकाच दिशेने पकडणारा क्लच बसवलाय. सायकल उतारावर सोडली की पायडल थांबवले तरी चाक पुढे पळत राहतं, अगदी तसाच.

आता त्या किंकाळीकडे येऊ. जनरल मोटर्सच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत या आवाजांचं निदान वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखं मांडलेलं आहे. इंजिन पेटायच्या आधी, नुसतं फिरताना किंकाळी येत असेल तर पिनियन आणि रिंग एकमेकांपासून फार लांब आहेत. इंजिन पेटल्यावर, चावी सोडताना येत असेल तर दोघं फार जवळ आहेत. पेटल्यावर चावी धरून ठेवली असताना भोंग्यासारखा 'वूऽप' आला, तर क्लच गेला. आणि सेल्फ थांबता थांबता गुरगुरत असेल, तर आतला गाभा वाकलाय. काहीही न उघडता एवढं कळतं! प्रश्न फक्त 'आवाज नेमका कधी आला' हा.

आपल्या गाडीची किंकाळी पेटायच्या आधीची, म्हणजे पिनियन आणि रिंग लांब आहेत. पण सेल्फ जुना झालाय, आतले बुश झिजलेत, म्हणून नवा बसवायचा ठरलं. पहिलं काम, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. कॉर्व्हेटची बॅटरी सीटच्या मागे दडलेली असते. निगेटिव्हच आधी का? गाडीची पोलादी चौकट निगेटिव्हशी जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना चौकटीला लागला, तर क्षणात शेकडो अँपिअर त्या पान्यातून धावतात. तो लालभडक होऊ शकतो. निगेटिव्ह सुटली की ही वाटच बंद.

मग गाडी जॅकने उचलायची आणि मजबूत स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरायचं नाही. वायरी कुठे होत्या त्याचा फोटो काढायचा, मागच्या टोकाचा आधाराचा ब्रॅकेट सोडवायचा, मग दोन लांब बोल्ट. सेल्फ हाताने तोलूनच धरायचा, कारण जुना लोखंडी सेल्फ सात-आठ किलोचा असतो आणि खाली आपलं तोंड आहे.

ते दोन बोल्ट नीट पाहा. त्यांच्या मानेवर बारीक रेघा कोरलेल्या दिसतात. हे बोल्ट सेल्फ आवळतातच, शिवाय तो भोकात तसूभर न हलता नेमक्या जागी बसवतात. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच आट्यांचा साधा बोल्ट घट्ट बसेल, पण भोकात त्याच्याभोवती किंचित सैल जागा राहील. आणि मग नवाकोरा सेल्फही ओरडेल!

सेल्फ निघाला की इंजिन हाताने फिरवत रिंगेचा प्रत्येक दाता पाहायचा. इथे एक गंमत दिसते. झीज सगळीकडे सारखी नसते, ती चारच जागी जास्त असते. असं का? आठ सिलिंडरचं इंजिन बंद होताना वाटेल त्या जागी थांबत नाही. कुठला तरी पिस्टन हवा दाबू लागतो, ती दाबलेली हवा इंजिनाला अडवते आणि ते थांबतं. एका फेरीत अशा जागा चार. वर्षानुवर्षं तिथलेच दाते पहिला आघात सोसतात.

नवा सेल्फ चढवला, ब्रॅकेट परत लावला. बोल्ट आवळून पिनियन स्क्रू-ड्रायव्हरने पुढे ओढला. आता पिनियनच्या दात्याचं टोक आणि रिंगेच्या दोन दात्यांमधली घळ यांत तार सरकवून पाहायची. फट हवी साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून पाऊण मिलिमीटरपर्यंत. कित्येक जण यासाठी कागदांची क्लिप सरळ करून वापरतात. फट कमी भरली, तर सेल्फ आणि इंजिन यांच्यामध्ये शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घालायचा. पण ०.४ मिलिमीटरचा पत्रा घातला तरी फट वाढते फक्त त्याच्या एक तृतीयांशाने! कारण सेल्फ चक्राच्या बरोबर खाली नसतो, बाजूला असतो. तो खाली सरकला तरी चक्रापासून दूर जातो तो थोडाच.

फट बरोबर भरली. बॅटरी जोडली, चावी फिरवली. खट्, ररर, आणि इंजिन धडधडू लागलं. किंकाळी कुठेच नाही.

जुना सेल्फ जमिनीवर पडलाय. त्याच्या अंगावर अक्षरं उमटवलेली आहेत, 'डेल्को-रेमी'. डेल्को म्हणजे 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' या नावाची आद्याक्षरं. केटरिंगने १९०९ साली डेटनमध्ये काढलेली तीच कंपनी. त्या गल्ल्याच्या खणातून निघालेली युक्ती अर्धशतक उलटल्यावरही त्याच नावाने या लोखंडात फिरत होती. आणि आपला मिस्त्री आजही म्हणतो, "सेल्फ मारा."