गहू, आतडं आणि मूड

१९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नान्नदशा होती, पाव मिळेना. सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार झालेली मुलं मात्र सुधारू लागली! बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावरचा जुना संशय त्यामुळे बळावला. या आजारात गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की रोगप्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते; अन्न शोषणारी मखमली लव झिजून सपाट होते. लोह, फोलेट अंगी लागत नाही. पोट फुगतं, मूल खंगतं आणि सतत किरकिरतं. तो काही हट्टीपणा नव्हे. मोठ्यांतही उदासी, चिंता दिसते. गहू सुटल्यावर अनेकांचा मूडही सुधारतो. पण रक्ततपासणीआधीच पोळी सोडू नका. अँटिबॉडी उतरतात, निदान हुकतं. ज्वारी-बाजरीची भाकरी खुशाल खावी, फक्त पीठ गिरणीत गव्हावर दळलेलं नको.