नाण्यांची नजर (भाग ९) : शिवराईवरची अक्षरे

गेल्या आठवड्यात आपण अथेन्सचे घुबड पाहिले. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चांदीच्या नाण्यावरचे ते घुबड आज ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावरही आहे. देखण्या नाण्यांचा विषय निघाला की अशी चित्रेच आधी आठवतात. आयर्लंडच्या १९२८ सालच्या नाण्यांवरचा घोडा, सामन मासा, पिलांसह कोंबडी ही त्यांतलीच. शिवराईवर असे एकही चित्र नाही. तरी तिला मी या सगळ्यांच्या पंक्तीत बसवतो.

तांब्याचा जाडसर तुकडा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ आणि कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. ना राजाचा चेहरा, ना वेलबुट्टी. १६७४च्या राज्याभिषेकाशी ही नाणी जोडलेली आहेत. त्या काळी आदिलशाही आणि मुघल नाण्यांवर फारसी मजकूर असे. त्या गर्दीत ही ठसठशीत देवनागरी नुसती नजरेला पडली, तरी राज्य कोणाचे ते कळत असणार. राजाच्या मुखवट्याचे काम इथे अक्षरांनी केले आहे.

शिवराई भिंगाखाली धरावी. अक्षरे ठेंगणी आणि जाड आहेत, जागा सोडायची नाही अशा बेताने एकमेकांना भिडलेली. ठसा कोरणाऱ्याला हे सगळे उलटे कोरावे लागे, मग तांब्याचा तुकडा ठशांमध्ये धरून वर घण मारायचा. ठसा बहुतेक वेळा तुकड्याहून मोठा असल्याने ठिपक्यांचे पूर्ण वर्तुळ क्वचितच दिसते. कुठे ‘श्री’ अर्धी कापली जाते, कुठे ‘ति’ काठाबाहेर जाते. वेगवेगळ्या ठशांत अक्षरांचे वळण बदलते, ऱ्हस्व-दीर्घही बदलते. संग्राहक या फरकांवरून प्रकार लावत बसतात. मला मात्र त्यात कोरणाऱ्यांचे वेगवेगळे हात दिसतात आणि शिवराईचे निम्मे सौंदर्य तिथेच आहे असे माझे मत आहे. पुढे पेशवाईत ‘दुदांडी’ आली. तिच्यावर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा आहेत. त्या रेघांनी मांडणी नेटकी झाली, पण पहिल्या शिवराईचा जोम कमी झाला.

चांदीच्या रुपयाची गोष्ट वेगळी. पुण्याच्या टांकसाळीतला ‘अंकुशी’ रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत निघे. औरंगजेबाने पुण्याला दिलेले ‘मुहियाबाद’ हे नावही त्यावर असे. पण त्या फारसी ओळींच्या गर्दीत एक छोटासा अंकुश उभा असतो. गणपतीच्या हातातला हा अंकुश हीच त्या रुपयाची ओळख होती आणि बाजारातले त्याचे नावही त्यावरूनच पडले. १८१८ नंतर इंग्रजांनी ही टांकसाळ काही वर्षे चालवली, तेव्हाही अंकुश कायम राहिला. फक्त नाण्यावर फसली सन येऊ लागला.

थोडक्यात खूप सांगणारे नाणे आजच्या काळातले हवे असेल, तर जपानचे पाच येनचे पितळी नाणे पाहावे. भाताची लोंबी, खाली पाण्याच्या रेघा आणि मधल्या भोकाभोवती दातेरी चाक. शेती, मासेमारी आणि कारखाने एवढ्याशा जागेत आले. त्यावर किंमतही अंकांत नाही, जपानी अक्षरांत आहे. शिवराई करणाऱ्या कारागिराला ते नक्की आवडले असते.

अनेक मराठी घरांत देवघरात एखादी शिवराई असते. तिला चिंच-मीठ लावून घासू नका. तांब्यावरचा काळपट थर धातूला जपतो. तो गेला की अक्षरांच्या कडा झिजतात आणि तीनशे वर्षांपूर्वीची कोरणी वाचता येईनाशी होते. कोरड्या मऊ फडक्याने पुसून कागदी पाकिटात ठेवा, तेवढे पुरे.